नळीचं झबलं

न्हाई न्हाई ताई, चहा राहू द्या, चहा तुमच्या गॅसवर आता व्हायचाच न्हाई, म्या रेग्युलेटर काढून सिलिंडरला टोपी लावून टाकलीय. घाबरू नका, काय झालेलं न्हाई. तुमी इचारलंत की एजन्सीची बाई नळी तपासायला ओट्याखाली वाकली आन तिथंच फतकल मारून हसत काय बसली, तर ते हसू तुमच्या नळीवरच्या त्या निळ्या कापडाचं हाय, आन त्या कापडाचं सांगायचं तर पार पहिल्यापासनं सांगावं लागंल. तुमी लिहिता म्हनं, शेजारच्या म्हनल्या मला. मग काढा वही. मला आजचं हे शेवटचंच घर हाय, आन बोलायला लागले की मी थांबत न्हाई, आमचे मालक म्हनतात हिला बंद करायचं बटनच बसवलं न्हाई देवानं.

माझं नाव मंगल. माहेर चाकणच्या पल्याड, आता तिथं कंपन्याच कंपन्या झाल्यात, रस्त्यानं नुसतं कंटेनर पळतात, पन मी ल्हान होते तवा आमच्या तिथं बटाटं आन कांदं, दुसरं काय न्हाई. घरात चूल. गॅस आला तवा मी नववीला होते. काय सांगू तुमाला, लगीनघरच झालं होतं. आईनं शेगडीला हळदकुंकू वाहिलं, सिलिंडरला झेंडूचा हार घातला, नारळ फोडला, आन आमचा बाप नळीकडं बोट करून म्हनतो, ह्या एवढ्याशा आतड्यातनं जाळ येतो व्हय? आई म्हनली, जाळ न्हाई वो, नुसता वारा येतो, जाळ हितं वर लागतो. मग बापानं ती नळी सुतळीनं खिळ्याला बांधून टाकली, लोंबायला नको म्हनून. ती तशीच बांधलेली राहिली वर्सानुवर्सं. शेगडी दोनदा बदलली, लायटर चारदा बदललं, नळी बदलायची असती हे कुनाच्या गावीच न्हाई. शेगडीला हार, सिलिंडरला हार, आन नळीकडं कुनी ढुंकूनसुदिक बघायचं न्हाई.

दहावीला गणितानं घात केला आन लगीन झालं. सासर काय म्हनायचं, भोसरीतली एक खोली. आमचे मालक एमायडीसीत एका वर्कशॉपमदी लेथवर, तीन शिफ्टा, आज हितं उद्या तितं न्हाई, पहिल्या दिवसापासनं तेच वर्कशॉप आन तेच मशीन. खोली जनाकाकूच्या अंगनातली. जनाकाकू म्हंजे आमच्या घरमालकीन. जुन्या गावातल्या, नऊवारी, तोंड फाटकं पन मन आभाळाएवढं. त्यांचे मालक लई वर्सांमागं वारलेले, एक पोरगा, तो आता हिंजवडीला कॉम्प्युटरच्या कंपनीत हाय, तिकडंच राहतो. मी नवी नवरी, घरात करमंना, रडत बसायची, तर काकू एक दिवस आल्या आन म्हनल्या, ए मंगे, रडून डोळं घालवू नको, माझ्या माळ्यावर शिलाई मशीन हाय, पडून गंजन्यापरीस तू चालव. भाडं न्हाई, काय न्हाई. मशीन दिलं, तेलाची बुधली दिली, आन वर दम दिला की सुई मोडलीस तर बघ. त्या मशीनीवर मी ब्लाऊज शिकले, फॉल-पिको शिकले, त्या मशीनीनं मला मानूस बनवलं असं म्हना.

आता झबल्याचं ऐका. काकूंचं सैंपाकघर म्हंजे आरसा. भांडी अशी घासायची की त्यात कुंकू लावावं. पन फोडनीचं तेल उडून उडून नळी चिकट व्हायची, तिच्यावर धूळ बसायची, आन काकूंचा जीव खालीवर व्हायचा. एकदा मला म्हनल्या, मंगे, ह्या नळीला कायतरी घाल गं, उघडीनागडी लोंबती मेली, पाहुन्यारावळ्यासमोर लाज वाटती. मी पोट धरून हसले. पन डोक्यात बसलं. माझ्याकडं एका पोरीच्या फ्रॉकचं कापड उरलं होतं, गुलाबी, बारीक फुलांचं. त्याची लांबच लांब बाही शिवली, दोन्ही तोंडाला इलॅस्टिक, कडंनी हिरवी लेस. काकू म्हनल्या, थंडीचे दिवस हायत, आत कापूस घाल, गारठंल बिचारी. थट्टेतच म्हनल्या, पन म्या खरंच घातला, जुन्या गोधडीचा. आन संक्रांतीच्या दिवशी सकाळी तिळगुळाच्या वाटीबरोबर ते त्यांच्या हातात ठिवलं. काकूंनी बघितलं, आत गेल्या आन लई येळ बाहेरच आल्या न्हाईत. मला वाटलं आवडलं न्हाई वाटतं. मग हाक मारली, तर नळीला ते चढवून त्याच्यासमोर उभ्या. म्हनल्या, अगं, झबलं घातल्यावानी दिसतंय. झालं. तवापासनं त्याचं नाव झबलं.

काकूंकडं आलेली बाई ते बघायची आन माझ्याकडं यायची. मलाबी पाहिजे, मलाबी पाहिजे. निळं, पिवळं, ठिपक्याचं. सिलिंडरला मग परकर शिवायला लागले, शेगडीला टोपरं. आन पुढच्या संक्रांतीला तर कहरच झाला. आमच्या बचत गटातल्या एकीनं हळदीकुंकवाला वाण म्हनून साठ झबली मागितली. दरवर्साला तेच पिलॅस्टिकचं डबं आन गाळन्या लुटून बाया कंटाळलेल्या, हे नवीन. साठ लुटली, तर पुढच्या आठवड्यात तिघीचौघी दारात. दोन-तीन वर्सं मी पौष महिना आला की झबल्यात बुडून जायची. कासारवाडीपासनं मोशीपतुर माझी झबली गेली. वाणाचं कसं असतं, एक बाई पन्नासजनींना देती, त्यातली एखादी मापात बसलं न्हाई म्हनून जावंला देती, जाऊ बहिनीला. कुठं कुठं गेली, देवाला ठाऊक. मला तवा लई अभिमान. बसनं जाताना खिडकीतनं घरं दिसली की मनात म्हनायची, ह्यातल्या कितीक ओट्याखाली माझं काम हाय.

मग एजन्सीची नोकरी लागली. ती बी गंमतच. दर पाच वर्सांनी घरोघर जाऊन शेगडी, रेग्युलेटर, नळी तपासायची असा नियम हाय, पन दुपारी घरात बाया एकट्या, पुरुष मेकॅनिकला दार उघडायला का-कू करतात. म्हनून एजन्सीनं आमच्यासारख्या बाया घ्यायचं ठरवलं. आमचे मालक म्हनले, जा की, तोंड हायच तुला, त्याचा उपयोग तरी होईल. शिकवायला काळेमामा. कासारवाडीचे, सगळं आयुष्य गॅसच्या कामात गेलेलं, मिशा पांढऱ्या, आन बोलनं असं की समोरच्यानं झोपूच नये. त्यांनी पहिल्या दिवशी आमाला रेग्युलेटर शिकवला, साबनाचं पानी लावून गळती कशी बघायची ते शिकवलं, फेस फुगला की समजायचं, काडी ओढून बघायची न्हाई, कुनी काडी ओढून बघताना दिसला तर आधी काडी हिसकायची मग नमस्कार करायचा. दुसऱ्या दिवशी नळी. म्हनले, बायांनो, गॅसचा सगळा संसार ह्या एका नळीवर. तिच्यावर शिक्का पाहिजे, आत तारेची जाळी पाहिजे, दीड मीटरच्या वर लांब नको, मधी जोड नको, भिंतीतनं ओढलेली नको, शेगडीच्या मागनं तापत गेलेली नको. आन तारीख. तिच्यावर तारीख छापलेली असती, पाच वर्सं भरली की बदलायची, ती वरनं कितीबी ठनठनीत दिसू दे. आन तिच्यावर काय घालायचं न्हाई. उघडी ठिवायची, दिसली पाहिजे.

हे म्हनून काळेमामांनी एक पोतं उघडलं, घरोघर सापडलेलं सामान. हिरवी बागंला पानी घालायची नळी निघाली, कुनी गॅसला लावलेली. दोन तुकडे तारेनं आवळून जोडलेली नळी निघाली. आम्ही हसतोय, तोंडाला पदर लावतोय. आन मग त्यांनी बाहेर काढलं एक झबलं. पिवळं, ठिपक्याचं, कडंनी हिरवी लेस. काय सांगू तुमाला ताई, माझ्या पायाखालची फरशीच सरकली. मामांनी ते दोन बोटांत धरलं, उंदीर धरल्यावानी. म्हनले, हे बघा, नळीची फॅशन. वरनं कशी झोकात दिसती, आन आतली नळी बघा. झबलं सरकवलं तर नळीला ह्या एवढाल्या भेगा, वाळलेल्या टाचंसारख्या. म्हनले, भेग दिसत न्हाई, तारीख दिसत न्हाई, तेलकट कापड शेगडीपतुर गेलेलं, कुनाच्या सुपीक डोक्यातनं ही अवलाद निघाली ती बाई मला एकदा भेटली पाहिजे. सगळ्या हसल्या. आन मी? मी सगळ्यांत मोठ्यानं हसले. अशी हसले की मामा म्हनले, मंगलताई, पानी प्या.

घरी आले, मालकांना सगळं सांगितलं, वाटलं धीर देतील. तर ते जेवता जेवता म्हनतात, म्हंजे तुझ्या मालात रिजेक्शन निघालं म्हन की. मी चिडले, ताट आपटलं. तर शांतपने म्हनले, अगं आमच्याकडं साधा नट असला तरी गेज लावून माप बघितल्याबिगर बाहेर जात न्हाई, आन गेला आन मागून कळलं की मटेरियल खराब, तर सगळा लॉट परत बोलवतात. चाकणच्या मोठ्या कंपन्या चालू गाड्या परत बोलवतात, लाज न्हाई वाटत त्यांना. तूबी लॉट परत बोलव. म्या म्हनलं, वो, गाडीला नंबर असतो, झबल्याला काय हाय? वाणात वाटलंय ते. तर म्हनले, मग वाणातच बोलव. म्हंजे कसं ते त्यांनाबी ठाऊक न्हवतं, बोलून मोकळे झाले आन शिफ्टला गेले. पन त्या रात्री मला झोप लागली न्हाई, कारन डोळ्यांसमोर एकच नळी. काकूंची. एकतर ती माझ्या लग्नाच्या आधीची, साधी रबरी, आत जाळीबिळी कायच न्हाई. त्यात काकूंना मोठा ताप आला होता मागं, त्यात त्यांच्या नाकाचा वास गेला तो गेलाच. फोडनी करपली तरी कळायची न्हाई. पोरगा हिंजवडीला, घरात त्या एकट्या. आमीबी तवर मशीन त्यांच्या माळ्यावर परत ठिवून दोन गल्ल्या सोडून स्वतःच्या खोलीत राहायला गेलेलो. गॅस सुटला तर त्यांना कोन सांगनार?

तर तुमी म्हनाल दुसऱ्या दिवशी पहिली काकूंकडंच गेली असशील. न्हाई गेले. खरं सांगते, लपवत न्हाई. तोंड दावायची लाज वाटली. ज्या बाईनं मशीन दिलं, तिला काय म्हनायचं, तुमच्या मशीनीवर म्या तुमच्या जिवावरचं शिवलं? म्हनलं आधी बाहेरची घरं करू, मग बोलायला जीभ सैल होईल. आन बाहेरची घरं म्हंजे काय थट्टा हाय व्हय! पहिल्याच घरी निळं झबलं. म्या म्हनलं, काकी, हे काढायला लागंल. ती म्हनती, या बया, वाण हाय ते, वाण कुनी परत घेतं व्हय? संक्रांतीला सवाष्णीनं दिलेलं, घरातनं बाहेर गेलं तर बरं न्हवं. दुसऱ्या घरी तेच. तिसऱ्या घरची म्हनली, अवो मॅडम, हे साधंसुधं न्हाई, मंगल टेलरचं हाय, टाका बघा कसा, अजून उसवला न्हाई. म्या म्हनलं, मीच ती मंगल. तिनं मला खालनं वरपतुर बघितलं आन म्हनली, मग आधी इकायचं आन मग काढायला यायचं, बरा धंदा हाय की तुमचा. आन दार लावून घेतलं. म्या बंद दाराबाहेरनंच म्हनलं, बाई, चुकलं माझं, मला ठाऊक न्हवतं. आतनं टीव्हीचा आवाज मोठा झाला.

चार दिवस असे गेल्यावर मी सरळ काळेमामांकडं गेले आन म्हनलं, मामा, ज्या बाईला भेटायचं होतं ना तुमाला, ती ही. करा काय करायचं ते, काढून टाका कामावरनं. मामांनी मिशीवरनं हात फिरवला. मग जे हसायला लागले, जे हसायला लागले, डोळ्यांतनं पानी. म्हनले, अगं मग तुझ्याएवढं कुनाला ठाऊक असनार झबलं कुठं कुठं हाय ते, उद्यापासनं हा सगळा भाग तुझ्याकडं. आन मग एकदम गंभीर झाले, म्हनले, पहिलं झबलं कुनाला दिलं होतंस? म्या म्हनलं, जनाकाकूंना. काढलंस? म्या म्हनलं, न्हाई अजून. म्हनले, मंगलताई, नळी तुझ्या लाजंसाठी थांबत न्हाई.

तशीच निघाले, सकाळचं दहा वाजलेलं. काकूंच्या अंगनात पाय ठिवला आन दारातच वास. तो वास एकदा शिकला की इसरत न्हाई, सडक्या कांद्यावानी. आन काकू ओट्याशी उभ्या, मला बघून तोंडभर हसल्या, अगं मंगे, किती दिसांनी, ये ये, चहा टाकते, आन असं म्हनत म्हनत काडीपेटी उचलली. ताई, आता सांगतानाबी अंगावर काटा येतो बघा, हा बघा हात. म्या एका उडीत आत जाऊन काकूंच्या हातावर चापट मारली. सासूच्या वयाची बाई! काडीपेटी उडून मोरीत पडली. काकू म्हनल्या, अगं डोकं फिरलं का तुझं? म्या म्हनलं, काकू, आधी बाहेर चला, बटनाला हात लावू नका, पंखा लावू नका, कायबी लावू नका. त्यांना दंडाला धरून अंगनात बसवलं, परत आत आले, रेग्युलेटर बंद केला, खिडक्या उघडल्या, मागचं दार उघडलं, आन मग अंगनात येऊन त्यांच्या शेजारी मटकन बसले. काकू म्हनतात, मला कायच वास येत न्हाई गं. म्या म्हनलं, म्हनून तर.

वारा फिरून सगळं मोकळं झाल्यावर, साबनाच्या पान्याची बाटली घेऊन आत गेले. काकू मागनं. झबलं काढायला इलॅस्टिक ओढलं आन आतनं सुर्र करून उंदीर पळाला! काकू आन मी दोघी एकदमच किंचाळलो. झबल्याच्या आत, म्या घातलेल्या गोधडीच्या कापसात, मेल्यानं बिऱ्हाड केलेलं. ऊब, मऊ गादी, आन खायला शेजारीच नळी. कुरतडून कुरतडून भोक पाडलेलं. काकूंनी झाडू घेतला आन उंदराच्या मागं लागल्या, अरे मुडद्या, भाडं न देता राहतोस आन वर भिंत पोखरतोस! मला हसूबी येईना, रडूबी येईना. खरं तर दोन्ही आलं.

नळी कापून फेकली, पिशवीतली नवी बसवली, जाळीची, शिक्क्याची. फेस लावून दोनदा बघितलं. आन ते गुलाबी झबलं कचऱ्यात टाकायला निघाले तर काकूंनी हात धरला. म्हनल्या, ते टाकायचं न्हाई. म्या म्हनलं, काकू, ह्यानं आज तुमचा जीव घेतला असता. म्हनल्या, असू दे. धुवून दे मला. म्या जरा आवाजच चढवला, वेडेपना काय करता म्हनलं. तवा त्या खाली बसल्या आन हळूच म्हनल्या, मंगे, मालक गेल्यापासनं संक्रांतीला माझ्या हातावर कुनी वाण ठिवलं न्हाई गं. गल्लीत हळदीकुंकू असलं की मी दाराची कडी लावून आत बसायची, कुनाला अवघडायला नको म्हनून. तू खुळी, तुला ठाऊक न्हाई, तू संक्रांतीला येऊन तिळगूळ आन ते दिलंस. तेवढंच एक वाण हाय माझ्याकडं.

मला खरंच ठाऊक न्हवतं. म्या तर नुसतं शिवून झालं त्या दिवशी नेऊन दिलं होतं. काकूंच्या गळ्यात पडून मी जी रडले, माय गेली तवा एवढी रडले न्हवते. मग डोळं पुसले, माळ्यावरनं मशीन आन कात्री काढली, झबलं गरम पान्यात उकळून वाळवलं, उसवलं, त्याचे दोन चौकोन कापले, मधी जाड कापड घातलं, चारी बाजूंनी टीप मारली, कोपऱ्याला त्याच हिरव्या लेसचा फास केला, आन गरम भांडं उतरवायचं फडकं बनवलं. म्हनलं, हे घ्या काकू, वाण परत न्हाई घेतलं, नळीचं होतं ते तुमच्या हाताचं केलं. काकूंनी ते उलटंसुलटं केलं आन म्हनल्या, अगं मग सगळ्यांचीच अशी कर की. आता बघा ताई, आमच्या मालकांनी म्हनलं होतं वाणातच बोलव, आन वाट दावली काकूंनी.

संक्रांत महिन्यावर आलेली. म्या गल्लीगल्लीत सांगितलं, बचत गटात सांगितलं, काळेमामांनी एजन्सीत पाटी लावली, ज्यांच्याकडं नळीचं झबलं हाय त्यांनी जनाकाकूंच्या अंगनात हळदीकुंकवाला यावं, झबलं आनावं, वाण तिथंच बदलून मिळंल. आन बोलावनं सगळ्याजनींना, नवरा असलेली, नसलेली, पलीकडच्या बुद्धविहाराजवळच्या बायाबी, कुंकू लावायचं ती लावंल, न्हाई लावायचं ती नुसता तिळगूळ खाईल. एकदोघींनी नाक मुरडलं. मुरडू दे, नाकाचं काय, काकूंना तर वासच येत न्हाई! अंगनात मशीन मांडलं, तेच मशीन. मी उसवतेय, शिवतेय, काळेमामा कोपऱ्यात खुर्ची टाकून येईल त्या बाईला तारीख कुठं बघायची ते दावतायत, आन पाटावर काकू, हातात ताट. एकेकीच्या हातावर फडकं ठिवायच्या आन म्हनायच्या, तिळगूळ घ्या, नळीची तारीख बघा! बाया हसून हसून लोळायच्या. आन जिनं माझ्या तोंडावर दार लावलं होतं ना, ती बी आली. एक न्हाई, दोन झबली घेऊन, एक तिच्या नंदंचं. म्हनली, टाका तेवढा आधीसारखाच घाला, पक्का.

सगळी न्हाई आली परत. अजून सापडतात. परवा चाकणला माझ्या भाचीकडं गेले, तिथं आता पाईपनं गॅस येतो, भिंतीवरनं तांब्याची नळी आलीय, तर बाईसाहेबांनी तिच्यावर ओलं फडकं वाळत घातलेलं आन एक झारा लटकवलेला. म्या म्हनलं, अगं, आपल्या खानदानालाच नळी बघवत न्हाई का मोकळी! तिथल्या तिथं झारा काढला, तिला बसवून सगळं शिकवलं, आन जेवून आले.

आन काकूंचं म्हनाल तर त्यांच्या पोरानं वासाचं यंत्र आनून बसवलंय, गॅस सुटला की कोकलतं. पन काकूंचा त्याच्यावर भरवसा न्हाई. म्हनतात, यंत्राला काय कळतंय, माझं नाक मंगल हाय. म्हनून मी कामावर निघताना रोज त्यांच्या दारात थांबते, आत जाते, मोठा श्वास घेते आन म्हनते, पेटवा. मग त्या काडी ओढतात. इतकी वर्सं झाली, माझ्या श्वासाबिगर त्यांचा चहा होत न्हाई. कुनाच्या तरी घरात आपल्या नाकाला एवढी किंमत असावी, आनखी काय पाहिजे मानसाला.

तर हे बघा ताई, तुमच्या नळीवरनं काढलेलं. निळं, कडंला हिरवी लेस. तुमच्या सासूबाईंना कुठल्यातरी संक्रांतीला मिळालं असंल. टाका बघा कसा हाय, अजून उसवला न्हाई, लबाड कशाला बोलू, बघून आधी बरंच वाटलं. मग आतली नळी बघितली. तिची तारीख दोन वर्सांमागं होऊन गेलीय, आन वाकवली की भेगा उघडतात. माझ्या पिशवीतली नवी सकाळी एका घरी लागली, संध्याकाळी आनून बसवते, तवर टोपी काढायची न्हाई, माझी शपथ हाय तुमाला. तुमी एवढं बसून ऐकलंत, लिहिलंत, सुखी राहा, तुमच्या लेखनीला यश येऊ दे, तुमची चूल कायम पेटती राहू दे. आता मिटा ती वही आन चपला घाला. काकूंचं घर दोन गल्ल्या सोडून हाय, हे निळं उसवून त्यांच्याच मशीनीवर फडकं शिवू, तुमचं वाण तुमच्या हातात देते. आन चहा पन तिथंच घेऊ. सकाळी मी वास घेऊन आलेय.